एकाच घराची तीन वर्तमानपत्रं

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत रोज दोन वर्तमानपत्रं येतात, एक मराठी आणि एक कन्नड. एकाच मोर्चाची बातमी दोन्हीकडे वेगवेगळी लागलेली असते. आजोबा एकातलं मोठ्याने वाचतात, नातू दुसऱ्यातलं वाचून दाखवतो आणि वाद पेटतो. मग स्वयंपाकघरातून "जेवायला चला" किंवा "ऊटक्क बर्री", जी भाषा त्या क्षणी तोंडात येईल तीत हाक येते. वाद ताटाबाहेर राहतो. हात धुतले की पुन्हा सुरू.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या छोट्या देशात असंच एक घर होतं. फरक एवढाच, की त्या घरातली माणसं वर्तमानपत्रं नुसती वाचत नव्हती, काढत होती. दीर एक, मुलगा दुसरं, मुलगी तिसरं. तिन्ही वर्तमानपत्रांत वाद होता तो एकाच प्रश्नावर: ज्या क्रांतीसाठी आपण घरातलं माणूस गमावलं, त्या क्रांतीचं सरकार आता नवी हुकूमशाही आणतं आहे का?

हे घर चामोरो कुटुंबाचं. त्या घरच्या आई, व्हायोलेता चामोरो, १४ जून २०२५ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी वारल्या. त्यांना मरण आलं ते परक्या देशात. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर पन्नास वर्षं मागे जायला हवं.

आधीचं राज्य

निकाराग्वावर १९३० च्या दशकापासून सोमोसा घराण्याची सत्ता होती. आधी बाप, मग थोरला मुलगा, मग धाकटा. परक्या अमेरिकी फौजेविरुद्ध लढलेल्या सांदिनो या बंडखोर नेत्याला १९३४ मध्ये पहिल्या सोमोसाच्या माणसांनी ठार मारलं होतं. त्याचंच नाव घेऊन १९६१ मध्ये तरुणांनी 'सांदिनिस्ता' आघाडी उभी केली.

सोमोसांवर सतत टीका करणारं वर्तमानपत्र होतं 'ला प्रेन्सा'. त्याचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो म्हणजे व्हायोलेताबाईंचे पती. लग्न १९५० चं. संसारातली किती वर्षं पतीचा तुरुंगवास आणि परागंदा होणं यांतच गेली. १० जानेवारी १९७८ रोजी सकाळी कचेरीत जाताना पेद्रो होआकिन यांना मनाग्वाच्या रस्त्यात गोळ्या घालून मारण्यात आलं. सारा देश रस्त्यावर उतरला. दीड वर्षात, १९ जुलै १९७९ रोजी, सांदिनिस्ता लढवय्ये राजधानीत शिरले आणि सोमोसांची सत्ता संपली.

नव्या सरकारचं पाच जणांचं मंडळ नेमलं गेलं. त्यात दानिएल ओर्तेगा हे तरुण सांदिनिस्ता नेते होते, सर्हियो रामिरेस हे लेखक होते आणि व्हायोलेताबाईही होत्या. ज्याच्या खुनाने क्रांतीला जोर आला, त्याचीच विधवा सरकारात बसली होती.

घरात पडलेली भिंत

पहिलं वर्ष भारावलेलं होतं. नव्या सरकारने फाशीची शिक्षा रद्द केली. सोमोसांच्या छळवादी शिपायांनाही जास्तीत जास्त तीस वर्षांची कैद, पण गळफास नाही. मार्च १९८० मध्ये साक्षरतेची मोहीम निघाली. हजारो शाळकरी आणि कॉलेजातली मुलं पाच महिने खेड्यांत जाऊन राहिली आणि दिवसा शेतात काम करून रात्री कंदिलाच्या उजेडात शेतकऱ्यांना अक्षरं शिकवू लागली. देशातली निम्मी माणसं निरक्षर होती. मोहीम संपली तेव्हा सरकारी आकड्यांप्रमाणे ते प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. 'युनेस्को'ने या कामाला पारितोषिक दिलं.

त्याच वसंतात दुसरीही गोष्ट घडली. देशाच्या सल्लागार सभेत सांदिनिस्तांनी आपल्या संघटनांच्या जागा वाढवून घेतल्या आणि तिथे त्यांचं बहुमत झालं. एप्रिल १९८० मध्ये व्हायोलेताबाईंनी सरकार सोडलं. जाहीर कारण प्रकृतीचं होतं. खरं कारण मतभेद, हे सगळ्यांना कळत होतं.

त्याच सुमारास 'ला प्रेन्सा' फुटलं. व्हायोलेताबाईंचे दीर शाविएर सरकारच्या बाजूचे होते. ते बाहेर पडले, बहुतेक नोकरवर्ग त्यांच्याबरोबर गेला आणि 'एल नुएवो दिआरिओ' हे नवं दैनिक निघालं. सांदिनिस्ता पक्षाचं अधिकृत दैनिक होतं 'बारिकादा'. त्याचा संपादक होता कार्लोस फर्नांदो, व्हायोलेताबाईंचा धाकटा मुलगा. 'ला प्रेन्सा' विरोधातच राहिलं. तिथे मुलगी क्रिस्तियाना काम बघू लागली. थोरली मुलगी क्लौदिया सांदिनिस्ता सरकारची राजदूत झाली. थोरला मुलगा पेद्रो होआकिन १९८४ मध्ये देश सोडून गेला आणि पुढे सरकारविरुद्ध लढणाऱ्या 'कॉन्ट्रा' बंडखोरांच्या नेतृत्वात सामील झाला.

म्हणजे चार मुलांपैकी दोन सरकारच्या बाजूला, दोन विरोधात. घरी एकत्र जमले की आईचा नियम एकच, जेवणाच्या टेबलावर राजकारण नको. या नियमाचं त्या देशात तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटायचं, कारण अनेक घरांत एकत्र जेवणंच बंद झालं होतं.

शब्दाचा वाद

घरातला हा वाद बाहेर जगभरही चालला होता. त्यात एक शब्द वारंवार येई. आपण त्याला 'सर्वंकष सत्ता' म्हणतो. साधी हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता यांत फरक आहे. साध्या हुकूमशहाला तुम्ही गप्प बसलात की पुरतं. सर्वंकष सत्तेला तुमचं गप्प बसणं पुरत नाही, टाळ्याही हव्या असतात. ती शाळेत शिरते, देवळात शिरते, गल्लीत शिरते आणि शेवटी घरात शिरते. हाना आरेंट या विदुषीने १९५१ मध्ये जर्मनी आणि रशियातल्या अनुभवावरून या सत्तेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापिकेने १९७९ च्या नोव्हेंबरात एक गाजलेला लेख लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं: सोमोसासारखे हुकूमशहा वाईट खरे, पण त्यांच्या राज्यातून कधीतरी लोकशाही उगवू शकते. क्रांतिकारकांची सर्वंकष सत्ता एकदा बसली की तशी आशा धरायला इतिहासात आधार नाही. पुढे अध्यक्ष रेगन यांनी तिला राष्ट्रसंघात राजदूत नेमलं आणि हा विचार अमेरिकेच्या धोरणात उतरला.

निकाराग्वात दोन्ही बाजूंना पुरावे सापडत होते. सैन्याच्या नावातच पक्षाचं नाव होतं. गल्लोगल्ली पक्षाच्या समित्या होत्या, त्या रात्री गस्त घालत, रेशनच्या वाटपातही त्यांचा हात असे, आणि कोण सभेला येत नाही हे त्यांना ठाऊक असे. उत्तर सीमेवरच्या मिस्किटो आदिवासींची हजारो माणसं सरकारने १९८२ च्या सुरुवातीला नदीकाठच्या गावांतून उठवून आत हलवली, गावं जाळली. मार्च १९८२ मध्ये आणीबाणी आली आणि 'ला प्रेन्सा'चा प्रत्येक अंक छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्यापुढे जाऊ लागला. आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीत कोऱ्या सोडलेल्या अग्रलेखाच्या जागा ज्यांना आठवत असतील, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण दुसरी बाजूही खोटी नव्हती. शेती आणि कारखाने मोठ्या प्रमाणात खाजगी हातांत राहिले. विरोधी पक्ष होते. नोव्हेंबर १९८४ च्या निवडणुकीत सात पक्ष उतरले. ओर्तेगांना सुमारे ६७ टक्के मतं मिळाली आणि संसदेतल्या ९६ पैकी ३५ जागा विरोधकांना गेल्या. एक मोठी विरोधी आघाडी मात्र, निवडणूक न्याय्य होणार नाही असं सांगून, बाहेर राहिली.

युद्ध, आणि युद्धाचं कारण

या वादातली सगळ्यात अवघड गोष्ट होती ती युद्ध. अमेरिका कॉन्ट्रा बंडखोरांना पैसा, हत्यारं आणि शिक्षण देत होती. १९८४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या हेरखात्याने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले. १९८५ मध्ये व्यापारबंदी आली. २७ जून १९८६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला, की अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला आहे. अमेरिकेने तो निकाल मानला नाही. तीसेक लाख वस्तीच्या देशात त्या दशकातल्या युद्धाने सुमारे तीस हजार माणसांचा बळी घेतला.

त्याच जून महिन्यात, अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाने कॉन्ट्रांना दहा कोटी डॉलरची मदत मंजूर केल्यावर लगेच, सांदिनिस्ता सरकारने 'ला प्रेन्सा' बंद केलं. ते सव्वा वर्ष बंद राहिलं.

पुढच्याच महिन्यात मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी निकाराग्वात गेले. क्रांतीबद्दल त्यांना आस्था होती आणि अमेरिकेच्या दांडगाईचा राग होता. १९८७ मध्ये आलेल्या त्यांच्या प्रवासपुस्तकात ती आस्था दिसते. पण 'ला प्रेन्सा' बंद करणं चूक आहे, हेही त्यांनी तिथे स्पष्ट लिहिलं. मित्राला त्याची चूक दाखवणं किती अवघड असतं हे आपण घरात रोज अनुभवतो. सरकारं याला अपवाद नसतात.

सांदिनिस्तांच्या आत ज्यांना शंका होत्या, त्यांतले बरेच जण तेव्हा गप्प राहिले. कारण प्रामाणिक होतं. बाहेर शत्रू उभा असताना आपल्याच सरकारवर बोट ठेवलं तर फायदा शत्रूचा होणार. आधी युद्ध जिंकू, मग बोलू. ते 'मग' येईपर्यंत वरच्याने सांगायचं आणि खालच्याने ऐकायचं ही पक्षातली सवय मुरून गेली.

१९९० चं उत्तर

२५ फेब्रुवारी १९९० रोजी निवडणूक झाली. चौदा पक्षांच्या आघाडीने उमेदवार उभा केला तो व्हायोलेताबाईंना. त्या राजकारणी नव्हत्या. मोडलेला गुडघा घेऊन, पांढरे कपडे घालून त्या गावोगावी फिरल्या. लोक युद्धाला, सक्तीच्या लष्करभरतीला आणि हजारो टक्क्यांच्या महागाईला कंटाळले होते. बऱ्याच जनमत चाचण्यांनी ओर्तेगा जिंकणार असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात व्हायोलेताबाईंना सुमारे ५५ टक्के मतं पडली आणि ओर्तेगांना ४१. अमेरिका खंडांत निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या स्त्री.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओर्तेगांनी पराभव मान्य केला. दोन महिन्यांत त्यांनी सत्ता सोपवली. बंदुकीने आलेलं क्रांतिकारी सरकार मतपेटीने गेलं. कर्कपॅट्रिकबाईंच्या सिद्धान्तात अशा दिवसाला जागाच नव्हती.

जाताजाता सांदिनिस्ता पुढाऱ्यांनी सरकारी घरं, जमिनी, गाड्या आपल्या नावावर करून घेतल्या, हेही खरं. मुलांच्या वाढदिवसाला टांगलेलं खाऊचं मडकं फोडतात, त्या खेळाचं 'पिन्याता' हे नाव लोकांनी या लुटीला दिलं. पण त्या वर्षी कुणी विचारलं असतं, "काय, हे सरकार सर्वंकष झालं होतं का?" तर उत्तर सोपं होतं. नाही. हरलं आणि गेलं.

व्हायोलेताबाईंनी सूड घेतला नाही. ओर्तेगांच्या भावालाच त्यांनी सेनापती ठेवलं, कॉन्ट्रांची हत्यारं उतरवली आणि १९९७ मध्ये मुदत संपल्यावर त्या घरी गेल्या.

दुसऱ्यांदा

ओर्तेगा १९९६ मध्ये पुन्हा हरले, २००१ मध्ये पुन्हा हरले. दरम्यान त्यांनी आपला जुना विरोधक अलेमान याच्याशी करार करून निवडणुकीचा नियम बदलून घेतला होता. ४५ टक्के मतं मिळायची गरज उरली नाही. दुसऱ्यापेक्षा पाच टक्क्यांची आघाडी असेल तर ३५ टक्के पुरेशी झाली. २००६ मध्ये ३८ टक्क्यांवर ते निवडून आले.

या वेळी युद्ध नव्हतं, सुरुंग नव्हते, व्यापारबंदी नव्हती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरनिवडीची आडकाठी काढली. २०१४ मध्ये घटनेतून मुदतीची मर्यादाच गेली. २०१७ मध्ये पत्नी रोसारियो मुरिल्यो उपाध्यक्ष झाल्या. मुलं दूरचित्रवाहिन्या चालवू लागली. एप्रिल २०१८ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर आले. त्या वर्षीच्या दडपशाहीत तीनशेहून जास्त माणसं मेली.

२०२१ च्या निवडणुकीआधी अध्यक्षपदाच्या सात इच्छुकांना अटक झाली. त्यांत क्रिस्तियाना होती आणि व्हायोलेताबाईंचा एक पुतण्याही होता. थोरला पेद्रो होआकिनही आत गेला. पुढे बहिणीला आठ वर्षांची आणि भावाला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

आता त्या तीन वर्तमानपत्रांचं काय झालं ते पाहा. 'बारिकादा'ला पक्षाच्या मुठीतून थोडं मोकळं करायचा प्रयत्न कार्लोस फर्नांदोने १९९० नंतर केला, म्हणून १९९४ मध्ये पक्षाने त्याला काढलं. ते दैनिक १९९८ मध्ये बंद पडलं. 'एल नुएवो दिआरिओ'चा कागद आणि शाई जकात खात्याने अडवून ठेवली. ते २०१९ मध्ये बंद झालं. 'ला प्रेन्सा'चाही कागद असाच अडकला. ऑगस्ट २०२१ मध्ये छापील अंक थांबला आणि कचेरी पोलिसांनी ताब्यात घेतली. ऐंशीच्या दशकात बातमी कापायला निदान माणूस बसवावा लागत होता. आता कागदच आला नाही. आणि कार्लोस फर्नांदो, जो एके काळी पक्षाचं मुखपत्र चालवत होता, त्याच्या नव्या साप्ताहिकाच्या कचेरीवर डिसेंबर २०१८ मध्ये धाड पडली. त्याला देश सोडावा लागला.

मग सत्तेची पावलं उंबऱ्याच्या आत आली. हजारो संस्थांची मान्यता रद्द झाली. त्यांत २०२२ मध्ये देशाची भाषा अकादमीही होती. त्याच वर्षी जुलैत मदर तेरेसांच्या पंथाच्या अठरा भगिनींना देशाबाहेर काढलं गेलं. हा पंथ तिथे १९८८ मध्ये आला होता, म्हणजे पहिल्या सांदिनिस्ता सरकारच्याच काळात. २०२३ पासून चर्चच्या मिरवणुकांवरही बंदी आली.

९ फेब्रुवारी २०२३ रोजी २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला पाठवलं आणि त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. क्रिस्तियाना आणि पेद्रो होआकिन त्यांत होते. आठवड्याभरात आणखी ९४ जणांचं नागरिकत्व गेलं. त्यांत कार्लोस फर्नांदो होता आणि १९७९ च्या मंडळातले लेखक रामिरेसही होते. २०२५ च्या सुरुवातीला घटना बदलून पती आणि पत्नी दोघंही 'सहअध्यक्ष' झाले.

मग कुणाचं खरं होतं?

ऐंशीच्या दशकात जे म्हणत होते, "हे सरकार शेवटी हुकूमशाहीच आणणार," त्यांना वाटेल, पाहा, आम्ही सांगितलं होतं. पण गोष्ट इतकी सरळ नाही. दुसऱ्या वेळी ओर्तेगांना ज्यांनी अडवायचा प्रयत्न केला, त्यांत जुने सांदिनिस्ताच पुष्कळ होते. उगो तोरेस हे १९७४ मध्ये जिवावर उदार होऊन केलेल्या धाडीतले लढवय्ये. त्या धाडीमुळे ओर्तेगा सोमोसाच्या तुरुंगातून सुटले होते. तेच तोरेस फेब्रुवारी २०२२ मध्ये ओर्तेगांच्या कैदेत वारले. दोरा मारिया तेय्येस ही क्रांतीतली गाजलेली सेनानी वीस महिने कोठडीत होती. कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल क्रांतीनंतर सांस्कृतिक मंत्री होते. मार्च २०२० मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेत सरकारी बाजूच्या लोकांनी आरडाओरडा करून गोंधळ घातला.

उलट जे म्हणत होते, "क्रांतीवर टीका म्हणजे शत्रूला मदत," त्यांचंही खरं ठरलं नाही. युद्ध खरं होतं, शत्रू खरा होता. पण सेन्सॉर, गल्लीतली समिती, पक्षाशी बांधलेलं सैन्य, न बोलण्याची सवय ही हत्यारं युद्धापुरती म्हणून घरात आणली गेली. युद्ध संपल्यावर ती अडगळीत पडून होती. पुढे एका जोडप्याने ती घासूनपुसून बाहेर काढली.

म्हणून मला वाटतं, "हे सरकार सर्वंकष आहे का?" हा एकच प्रश्न हो की नाही असा विचारून भागत नाही. त्याऐवजी तीन छोटे प्रश्न विचारावेत. आजची टीका उद्याच्या अंकात छापता येते का? सरकार निवडणूक हरू शकतं का, आणि हरल्यावर जातं का? आणि रेशन, नोकरी, शाळा मिळवण्यासाठी टाळ्या वाजवाव्या लागतात का? १९८६ मध्ये निकाराग्वाचं पहिलं उत्तर वाईट होतं आणि तिसरं संमिश्र. दुसरं उत्तर १९९० मध्ये चांगलं निघालं, त्यामुळे देश वाचला. २०२१ नंतर तिन्ही उत्तरं वाईट आहेत. हे प्रश्न आवडत्या सरकारला आधी विचारायचे. नावडत्या सरकारला ते आपण विचारतोच.

व्हायोलेताबाईंना २०२३ मध्ये कोस्टा रिकात हलवलं होतं. मुलं आधीच देशाबाहेर फेकली गेली होती. एके काळी सरकारचं मुखपत्र चालवणारा मुलगा आणि त्याच सरकारविरुद्ध बंडखोरांत गेलेला मुलगा, दोघांचाही देश एकाच आठवड्यात काढून घेतला गेला. आईच्या मृत्यूनंतर कुटुंबाने जाहीर केलं, की निकाराग्वा पुन्हा प्रजासत्ताक होईपर्यंत तिच्या अस्थी तात्पुरत्या कोस्टा रिकातच राहतील.

आईने ताटावरचा वाद थांबवला होता, पण घराबाहेरचा वाद तिने कधी थांबवला नाही. मुलांनी परस्परविरोधी वर्तमानपत्रं काढली तरी त्यांना दार उघडं ठेवलं. आपल्याकडची ती दोन वर्तमानपत्रं उद्या सकाळी दारात पडतील तेव्हा दोन्ही उचलून आत आणा. भांडण झालं तर होऊ द्या. एक दिवस त्यांतलं एक आलं नाही, तर मात्र का आलं नाही, हे विचारायला आधी कोण उठतं ते बघा. ते न आलेलं वर्तमानपत्र आपल्या आवडीचं नसलं, तरी उठायला हवं.